१,१०० कोटींची जुनी गाडी! क्लासिक कारच्या लिलावात नेमकं काय विकलं जातं?

५ मे २०२२ ची गोष्ट. जर्मनीतल्या स्टुटगार्ट शहरात मर्सिडीज-बेंझच्या संग्रहालयात एक लिलाव झाला. ना जाहिरात, ना गाजावाजा. कंपनीने निवडलेले मोजके पाहुणे आणि मध्यभागी १९५५ सालची एक चंदेरी गाडी. दोन आठवड्यांनी लिलावाचा आकडा जाहीर झाला आणि जगभरातल्या गाडीप्रेमींनी तो दोनदा वाचला. १३ कोटी ५० लाख युरो! त्या वेळच्या दराने जवळपास १,१०० कोटी रुपये.

लिलावात विकली गेलेली ही आजवरची सर्वांत महागडी गाडी. याआधीचा विक्रम होता ४ कोटी ८४ लाख डॉलरचा. म्हणजे नवा आकडा जुन्या विक्रमाच्या जवळपास तिप्पट होता.

आता साधा प्रश्न. या गाडीत एसी नाही, एअरबॅग नाही, गाणी ऐकायची सोय नाही. आजच्या एखाद्या सुपरकारपुढे ती वेगातही मागे पडेल. मग इतके पैसे कशाचे? आणि आपल्याकडे आजोबांची जुनी फियाट दारात उभी असेल, तर तिचेही कोटी होतील का?

एकेक करून समजून घेऊ.

ती मर्सिडीज एवढी खास का?

गाडीचं नाव ३०० एसएलआर उहलेनहाउट कुपे. रुडॉल्फ उहलेनहाउट हे मर्सिडीजचे इंजिनीअर. शर्यतीच्या ३०० एसएलआर गाडीवर बंद छत बसवून ही कुपे तयार झाली. तीन लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन आणि ताशी सुमारे २९० किलोमीटरचा वेग. १९५५ साली रस्त्यावर चालू शकणाऱ्या गाडीसाठी हा वेग म्हणजे कल्पनेपलीकडचा होता.

अशा फक्त दोन गाड्या बनल्या. त्या शर्यतीत उतरणार होत्या, पण त्याच वर्षी जूनमध्ये फ्रान्सच्या ल मां शर्यतीत भीषण अपघात झाला. मर्सिडीजची एक ३०० एसएलआर दुसऱ्या गाडीला धडकून प्रेक्षकांच्या दिशेने उडाली. चालकासह ऐंशीहून अधिक लोकांचा मृत्यू झाला. त्यानंतर अनेक शर्यती रद्द झाल्या आणि त्या हंगामाच्या शेवटी मर्सिडीज मोटरस्पोर्टमधून बाहेर पडली.

त्यामुळे या दोन कुपे एकही शर्यत धावल्या नाहीत. उहलेनहाउट साहेब त्यातली एक गाडी ऑफिसची गाडी म्हणून वापरायचे. दोन्ही गाड्या पुढे जवळपास सत्तर वर्षं कंपनीकडेच राहिल्या. त्या कधी विकायला निघतील असं कुणाला वाटलंच नव्हतं.

म्हणजे बघा, जगात फक्त दोन, मालक एकच, इतिहासाचा प्रत्येक कागद जागेवर आणि दुसरी गाडी संग्रहालयात कायमची. ही विकत घेण्याची संधी पुन्हा येणार नाही, हे समोरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. विक्रीच्या पैशातून कंपनीने पर्यावरण आणि कार्बन उत्सर्जन कमी करण्याच्या क्षेत्रात शिकणाऱ्या तरुणांसाठी शिष्यवृत्ती निधी उभा केला.

जुनी गाडी आणि क्लासिक गाडी, फरक काय?

प्रत्येक क्लासिक गाडी जुनी असते, पण प्रत्येक जुनी गाडी क्लासिक नसते. विंटेज, क्लासिक वगैरे शब्दांच्या व्याख्या देशागणिक आणि क्लबागणिक बदलतात. बाजार मात्र वयापेक्षा वेगळ्या गोष्टी बघतो.

पहिली गोष्ट, किती बनल्या आणि किती उरल्या. फेरारी २५० जीटीओ हे सगळ्यांत गाजलेलं उदाहरण. १९६२ ते १९६४ या काळात अशा जेमतेम ३६ गाड्या बनल्या. पैसे असले तरी ती मिळेलच असं नव्हतं, कारण गाडी कुणाला द्यायची हे एन्झो फेरारी स्वतः ठरवायचे.

दुसरी गोष्ट, गाडीने काय केलं. शर्यत जिंकली का? कुणी चालवली? कुठल्या सिनेमात दिसली? अमेरिकन अभिनेता गॅरी कूपर याच्याकडे असलेली १९३५ सालची ड्युसेनबर्ग एसएसजे २०१८ मध्ये २ कोटी २० लाख डॉलरला विकली गेली. या मॉडेलच्या दोनच गाड्या बनल्या होत्या. दुसरी होती क्लार्क गेबलकडे.

तिसरी गोष्ट, गाडी मूळ रूपात आहे का. इंजिन, गिअरबॉक्स, सांगाडा यांवरचे क्रमांक कारखान्याच्या नोंदींशी जुळले, तर किंमत चढते. या बाजारात त्याला 'मॅचिंग नंबर्स' म्हणतात. मूळ इंजिन काढून त्याच मॉडेलचं दुसरं बसवलं, तर गाडी कदाचित आणखी छान धावेल, पण तिची किंमत मात्र घसरेल.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे कागद. पहिल्या मालकापासून आजपर्यंत गाडी कुणाकडे होती, कधी दुरुस्त झाली, कुठे धावली याची सलग साखळी. जमीन घेताना आपण सातबारा आणि फेरफार तपासतो ना? तसंच इथे. साखळीतली एखादी कडी तुटली की संशय आला, आणि संशय आला की भाव पडला.

भंगारातली गाडी पंधरा कोटींना?

ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात फेरारी ५०० मोंडियाल स्पायडर या गाडीचा लिलाव झाला. गाडी म्हणायची तरी कशाला? शर्यतीतल्या अपघातात जळून गेलेला तो चुरगळलेल्या पत्र्यांचा ढिगारा होता. आपल्याकडे कुणीही तो थेट भंगारवाल्याच्या टेम्पोत टाकला असता. तो विकला गेला १८ लाख ७५ हजार डॉलरला. म्हणजे साधारण पंधरा कोटी रुपये.

घेणाऱ्याने पत्रा विकत घेतला नाही. त्याने फेरारीच्या नोंदीतला एक अस्सल चासी क्रमांक आणि त्याला जोडलेला इतिहास विकत घेतला. गाडी पुन्हा उभी करता येते, पण नवा अस्सल क्रमांक तयार करता येत नाही.

२०१५ मध्ये पॅरिसमध्येही असाच प्रकार घडला. फ्रान्समधल्या रोजे बायों या उद्योजकाने १९५० च्या दशकापासून जुन्या गाड्या जमवल्या होत्या. त्यांना संग्रहालय काढायचं होतं. पुढे धंदा बसला, काही गाड्या विकाव्या लागल्या आणि उरलेल्या शेतातल्या पत्र्याच्या शेडखाली तशाच पडून राहिल्या. त्यांच्या पश्चात लिलाववाले तिथे पोचले, तेव्हा पन्नासहून जास्त गाड्या धूळ आणि गंज खात उभ्या होत्या. त्यात जुन्या मासिकांच्या ढिगाखाली एक फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर सापडली. कधीकाळी फ्रेंच अभिनेता अलँ दलों याच्या मालकीची. आर्टक्युरिअलच्या लिलावात ती १ कोटी ६० लाख युरोंहून अधिक किमतीला गेली. विशेष म्हणजे गाड्या धुऊनपुसून, रंगवून आणल्या नव्हत्या. होत्या तशाच, धुळीसकट मांडल्या होत्या, कारण त्या धुळीनेच सिद्ध होत होतं की इतकी वर्षं गाडीला कुणी हात लावलेला नाही.

ही किंमत पहिल्यापासून होती का?

अजिबात नाही. आज ज्या २५० जीटीओसाठी अब्जाधीश रांगेत उभे राहतात, ती १९६० च्या दशकाच्या शेवटी फक्त जुनी झालेली शर्यतीची गाडी होती. नवं मॉडेल आलं की जुनीला कोण विचारतो?

एक जीटीओ तर १९६४ मध्ये टेक्सासमधल्या एका शाळेला देऊन टाकली गेली. तिथली मुलं गाडीदुरुस्ती शिकायची. शाळेने ती १९७२ मध्ये ६,५०० डॉलरला विकली. पुढच्या मालकाने ती ओहायो राज्यात एका मोकळ्या शेतात ट्रेलरवर ठेवून दिली. ऊन, पाऊस, बर्फ झेलत ती तिथे सुमारे पंधरा वर्षं उभी होती.

दुसरी एक जीटीओ १९८५ मध्ये एका अमेरिकन संग्राहकाने ५ लाख डॉलरला घेतली. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात तिचे ५ कोटी १७ लाख डॉलर आले. म्हणजे सुमारे ४३० कोटी रुपये. लिलावातली ही सर्वांत महाग फेरारी ठरली.

इटलीत बोलोन्याच्या न्यायालयाने २०१९ मध्ये २५० जीटीओच्या डिझाइनला कलाकृती म्हणून मान्यता दिली. बाजाराने हे आधीच ठरवून टाकलं होतं. या गाड्यांची खरेदी-विक्री बरीच वर्षं चित्रांसारखीच होते आहे.

लिलाव चालतो कसा?

मोठ्या लिलावांमागे काही ठरावीक नावं असतात. आरएम सदबीज, गुडिंग, बॉनहॅम्स, आर्टक्युरिअल, मीकम. ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टरे परिसरात आणि फेब्रुवारीच्या सुमारास पॅरिसमध्ये गाडीवाल्यांची जत्रा भरते. मोठे सौदे बऱ्याचदा तिथेच होतात.

आधी तज्ज्ञ गाडी तपासतात. कागद, क्रमांक, जुने फोटो, दुरुस्तीची बिलं. मग अंदाजे किंमत छापली जाते. विकणारा एक राखीव किंमत ठरवतो, जी बोली लावणाऱ्यांना सांगितली जात नाही. बोली तिथपर्यंत पोचली नाही, तर गाडी विकली जात नाही. हातोडा पडला की त्या रकमेवर खरेदीदाराला लिलाव कंपनीचं कमिशनही द्यावं लागतं. बऱ्याचदा ते दहा टक्के किंवा त्याहून थोडं जास्त असतं. बातमीत येणारा आकडा बहुतेक वेळा कमिशन धरून असतो.

उदाहरणार्थ, १९६८ च्या 'बुलिट' सिनेमात स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली फोर्ड मस्टँग. न्यू जर्सीतल्या एका कुटुंबाने ती १९७४ मध्ये ६,००० डॉलरला घेतली आणि रोजच्या कामाला वापरली. जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडात तिच्यावर ३४ लाख डॉलरला हातोडा पडला. कमिशन धरून आकडा झाला ३७ लाख ४० हजार डॉलर.

लिलाव फसतोही. २०१९ मध्ये मॉन्टरेत १९३९ सालची पोर्शे टाइप ६४ आली. अंदाज होता दोन कोटी डॉलरच्या आसपासचा. पण बोली सुरू झाली आणि पडद्यावर आकडे झळकले ३ कोटी, ४ कोटी, ५ कोटी, थेट ७ कोटी! लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. मग लिलावकर्त्याने खुलासा केला की तो १ कोटी ७० लाख म्हणत होता. इंग्रजीतले 'सेव्हन्टीन' आणि 'सेव्हन्टी' ऐकताना घोळ झाला होता. आपल्या सतरा आणि सत्तरसारखाच. टाळ्यांची जागा हुर्योने घेतली, बोली राखीव किमतीपर्यंत पोचली नाही आणि गाडी विकली गेलीच नाही.

अस्सल कशाला म्हणायचं?

या प्रश्नावर एकदा लंडनमध्ये थेट कोर्टात खल झाला. बेंटलीची 'ओल्ड नंबर वन' ही गाडी १९२९ आणि १९३० अशी सलग दोन वर्षं ल मां जिंकलेली. १९९० मध्ये तिचा जवळपास एक कोटी पौंडांचा सौदा ठरला. पण ऐनवेळी खरेदीदार अडून बसला. त्याचं म्हणणं, या गाडीत मूळ गाडीचं उरलंय काय? शर्यतींच्या काळात आणि नंतरही तिचे भाग इतक्या वेळा बदलले होते की मूळ धातू फारच थोडा शिल्लक होता.

न्यायालयाने निकाल विकणाऱ्याच्या बाजूने दिला. भाग बदलत गेले असले तरी गाडीचं अस्तित्व कधी खंडित झालं नाही, दुसरी कुठली गाडी त्या नावावर दावा सांगत नाही, म्हणून हीच ओल्ड नंबर वन.

थोडक्यात, अस्सलपणा फक्त लोखंडात नसतो, सलग इतिहासातही असतो. आणि तो इतिहास सिद्ध करता आला पाहिजे.

मग ही पैसे गुंतवायची जागा आहे का?

वरचे आकडे वाचून तसं वाटणं साहजिक आहे. पण बातमी होते ती विक्रमाची. कमी भावात गेलेल्या किंवा विकल्याच न गेलेल्या गाड्यांची बातमी सहसा होत नाही.

१९८८ मध्ये एन्झो फेरारी यांचं निधन झालं आणि फेरारींचे भाव भडकले. त्याच काळात जपानमध्ये पैशाचा पूर आला होता आणि तिथले खरेदीदार हात सैल सोडून बोली लावत होते. १९९० च्या सुरुवातीला तो फुगा फुटला आणि शिखरावर गाड्या घेतलेल्यांचे हात चांगलेच पोळले. भाव सावरायला पुढे बरीच वर्षं गेली.

शिवाय गाडी सोन्यासारखी लॉकरमध्ये ठेवून विसरता येत नाही. विमा, कोरडी जागा, जाणकार मेकॅनिक, मिळत नसलेले सुटे भाग, अधूनमधून इंजिन चालवणं, हा खर्च चालूच राहतो. आणि आवडही पिढीप्रमाणे बदलते. साधारणपणे लहानपणी ज्या गाडीचं पोस्टर भिंतीवर लावलं, तीच माणूस मोठेपणी घेतो. १९९५ सालच्या, चारशे किलोमीटरही न धावलेल्या मॅक्लारेन एफ१ ला २०२१ मध्ये २ कोटी डॉलरहून जास्त भाव आला, तो याच कारणाने. आजच्या चाळिशी-पन्नाशीतल्या श्रीमंतांची ती स्वप्नातली गाडी. उलट, शंभर वर्षांपूर्वीच्या अनेक सुंदर गाड्यांचे चाहते आता कमी होत चालले आहेत.

भारतातल्या गाड्या कुठे गेल्या?

एकेकाळी जगातल्या सर्वांत देखण्या गाड्यांचे ग्राहक भारतीय संस्थानिक होते. त्यातलं एक ठळक नाव म्हणजे इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे). वर ज्या ड्युसेनबर्ग कंपनीचा उल्लेख आला, तिच्याकडून त्यांनी १९३० च्या दशकात एक एसजे घेतली. सांगाडा आणि इंजिन अमेरिकेतलं, तर दोन माणसांपुरती लांबलचक खुली बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगने खास त्यांच्यासाठी बनवलेली. अशी दुसरी नाही. आज ही होळकरांची गाडी अमेरिकेत आहे.

संस्थानं विलीन झाली, पुढे १९७१ मध्ये तनखेही बंद झाले. पेट्रोल पिणाऱ्या या गाड्या पोसणं परवडेना. किती तरी गाड्या किरकोळ किमतीत परदेशी दलालांच्या हाती गेल्या. नंतर जुन्या गाड्यांच्या निर्यातीवर निर्बंध आले, पण तोवर बरंच काही हातातून निसटलं होतं.

राहिलेल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात ठेवलेली आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार न केलेली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरणाला ५ हजार. नंबरप्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, इंधन भरणं, देखभाल अशा कारणांसाठी आणता येते.

आणि आजोबांची फियाट?

मुंबईच्या कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी मराठी माणसाच्या किती आठवणींत आहे, हे सांगायला नको. काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीने ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतला. पण कोट्यवधींची अपेक्षा ठेवू नये. ती कारखान्यातून दशकानुदशकं निघत राहिली, जगात तिच्यासाठी बोली लावणारे थोडे. चांगल्या स्थितीतल्या गाडीला हौशी माणूस चार पैसे जास्त देईल, इतकंच.

तरी घरात जुनी गाडी असेल, तर या बाजाराकडून एक गोष्ट जरूर शिकण्यासारखी आहे. मूळ आरसी बुक, खरेदीची पावती, जुनी बिलं, गाडीसोबतचे कौटुंबिक फोटो जपून ठेवा. मूळ इंजिन, मीटर, दिवे 'जुने झाले' म्हणून गॅरेजवाल्याकडे सोडून येऊ नका. हौसेने चकचकीत नवा रंग मारण्याआधी दोनदा विचार करा. नव्या विंटेज नोंदणीलाही गाडी मूळ रूपातच लागते.

यात नुकसान कुणाचं?

फेब्रुवारी २०२५ मध्ये स्टुटगार्टमध्येच आणखी एक मोठा लिलाव झाला. मर्सिडीजची डब्ल्यू १९६ आर, म्हणजे १९५० च्या दशकातली फॉर्म्युला वन गाडी. हुआन मॅन्युएल फँजिओ आणि स्टर्लिंग मॉस या दोन दिग्गजांनी चालवलेली. ५ कोटी ११ लाख युरोंहून जास्त भाव आला. विकणारं होतं अमेरिकेतलं इंडियानापोलिस मोटर स्पीडवे संग्रहालय. मर्सिडीजने १९६५ मध्ये ही गाडी त्यांना भेट दिली होती. संग्रहालयाला उरलेला संग्रह सांभाळण्यासाठी पैसा उभा करायचा होता.

यात चूक कुणाची म्हणायची? संग्रहालयांना छप्पर दुरुस्त करायलाही पैसे लागतात. पण तिकीट काढून कुणीही बघू शकेल अशी गाडी एका माणसाच्या बंद गॅरेजमध्ये गेली, की ती पुन्हा कधी दिसेल हे त्या माणसाच्या मर्जीवर ठरतं. अनेक मालक दिलदार असतात. गाड्या प्रदर्शनात आणतात, शर्यतींच्या स्मृतिफेऱ्यांत चालवतात. उहलेनहाउट कुपेच्या खरेदीदारानेही खास प्रसंगी ती लोकांना बघायला उपलब्ध ठेवण्याचं मान्य केलं आहे. त्याचं नाव मात्र जाहीर झालेलं नाही.

दुसऱ्या कुपेसाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही. ती अजूनही स्टुटगार्टला मर्सिडीजच्याच ताब्यात आहे.